मिठाचं पाणी

ग्रिम्सबीत वारा गोदीकडून येतो
आणि जिन्यात हॅडकचा वास ठेवून जातो.
सोमवारी नि गुरुवारी, सव्वानऊला,
मी मिस्टर ऑस्गर्बींचं दार ढकलते.
ते लोटलेलंच असतं.

बेचाळीस वर्षं त्यांनी माशांची कातडी काढली,
एका ओढीत, फाटू न देता.
आता त्यांच्याच डाव्या घोट्याच्या वर
जुन्या रुपयाएवढी जागा
कातडीवाचून.

मी गुडघे टेकते. बँडेजचे चार थर उलगडते.
जखम मिठाच्या पाण्याने धुते.
आमच्या भाषेत जखमेवर मीठ चोळणं म्हणजे दुष्टपणा,
मी त्याचा पगार घेते.
शंभरात एकाहून किंचित कमी,
रक्तात असतं तेवढंच मीठ,
मग झोंबत नाही.
प्रमाण चुकलं की त्याची म्हण होते.

मिरजेला सालोमी सिस्टर सांगायच्या,
जखम तळापासून भरू द्या गं,
वरून लवकर मिटली तर आत पू राहतो,
पुन्हा उघडावी लागते.
(हे त्या जावेशी झालेल्या भांडणालाही लावायच्या.)
आधी तळाशी डाळिंबाचे दाणे धरतात,
लाल, ओले, हात लागताच रक्ताळणारे.
मग कडेच्या पेशी निघतात
एकमेकींचा हात न सोडता, दाण्यांवरून सरकत,
आणि समोरून येणारी भेटली की थांबतात.
थांबा असं त्यांना कुणी सांगत नाही.

"तुमची कातडी आमच्याहून निराळी असते का?"
मासा पारखणाऱ्याचा प्रश्न, वाकडेपणा नव्हता त्यात.
म्हटलं, रंग करणाऱ्या पेशी मोजल्या तर
जवळपास तेवढ्याच. माझ्या जास्त काम करतात.
"म्हणजे हॉस्पिटलसारखंच," ते म्हणाले.

दंडावर निळ्या शाईत ऑड्री.
साठ वर्षांपूर्वीची, कडेने पसरलेली.
वरची कातडी महिन्या-महिन्याला नवी होते,
खाली जन्मते, वर चढते, चढता चढता मरते;
आपण कुरवाळतो ते सगळं मेलेलंच.
सातशेवीस वेळा हा दंड गळून पडला
चादरीवर, कोटाच्या अस्तरात, या खोलीच्या धुळीत.
ऑड्री खालच्या थरात आहे.
तिथल्या पेशी शाई गिळून बसतात
आणि मरताना ती दुसरीच्या तोंडात देतात.
खुद्द ऑड्रीला जाऊन अकरा वर्षं झाली.

फेब्रुवारीत जखम चार मिलिमीटर उरली.
म्हटलं, आणखी दोन आठवडे, मग तुम्ही सुटलात माझ्यापासून.
ते खिडकीतून सीगल बघत राहिले.

सोमवारी उलगडलं तर तेरा.
कडेला ओरखडा, बारीक, सरळ.
खुर्चीमागच्या टोपलीत ऑड्रीचं अर्धं राहिलेलं स्वेटर,
टाके तसेच,
सुई एकच.

मी बोलले नाही. तेही नाही.
त्यांच्या हातांवर काटा आला होता,
हीटर तर चालू होता.

परीक्षेत त्वचेची कार्यं लिहायची असत:
जंतू अडवणं, पाणी राखणं, घाम, ऊन...
स्पर्श मी शेवटी लिहिला होता,
घंटा होता होता.
आठवड्यातून दोनदा, चाळीस मिनिटं, ग्लोव्हजमधून.
तक्त्यात कारणाच्या रकान्यात लिहिलं: माहीत नाही.

एप्रिलात मिटली. गुलाबी, पातळ, चकचकीत,
जुनीच्या ऐंशी टक्क्यांवर हिचा जोर कधी जाणार नाही.
ते म्हणाले, "माझंही तसंच आहे."
मी ग्लोव्हज काढले. हात धुतले.
बोटांवर क्रीम घेतलं,
पुढच्या गुरुवारपासून त्यांनाच लावायचं होतं.
बघा, म्हटलं, चोळायचं नाही,
वरून खाली, केस झुकतात तिकडे.

"हां," ते म्हणाले. पाय जरा पुढे केला.
"खवल्यांच्या दिशेने."