मागची फळी

मी फ्रेमवाला. रंगून, सदतिसावी गल्ली,
जिन्याखालचं दुकान.
सागवानी पट्टी पंचेचाळीस अंशांत कापणं
एवढंच मला येतं.
चित्रातलं काही कळत नाही
असं चौकशीला आलेल्यांना सांगतो,
आणि त्यांचा लगेच विश्वास बसतो.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी चौघे आले.
एकाकडे टॉर्च, एकाकडे शाईचा पॅड.
ह्यात लाल फार झालाय, म्हणाले.
मा न्वे न्वे म्हणाली, जास्वंद आहे, साहेब.
एवढी?
यंदा बहर आला.
आणि हा काळा?
वीज गेली होती.
टॉर्चवाला हसला, मग इतरांकडे बघून थांबला.
तीन चित्रं उतरवली. बाकीची पालथी करून
पाठीवर शिक्के मारले, कत्तलखान्यात मारतात तसे.

कमळांना कुणी काही विचारलं नाही.
तळं, सात कमळं, एक बगळा.
शिक्का बसला तो माझ्या फळीवर.

फळी आणि कमळं ह्यांच्यामध्ये
आदल्या रात्री, मेणबत्तीच्या उजेडात,
आम्ही दुसरा कॅनव्हास सरकवला होता:
ऑगस्टमधला रस्ता, माणसं नसलेला.
नुसत्या चपला.
एकशे सात. एकही जोड पुरा नाही.
ती एकेक चूक माझ्या तळहातावर ठेवत होती.
डावीकडून तेरावी, हिरव्या मखमली पट्ट्याची,
अंगठ्याशी झिजलेली,
मी ओळखली.
बोललो नाही. हातोडीला फडकं गुंडाळून
बावीस चुका ठोकल्या,
एकही वाकडी गेली नाही.

सहा दिवस लोक येत राहिले.
कमळांसमोर जरा जास्त वेळ थांबत.
कुणी कुणाला सांगितलं होतं, कुणास ठाऊक.
एका बाईनं दाराशी चपला काढल्या,
पॅगोड्यात शिरताना काढतात तशा,
आणि जाताना अनवाणीच गेली.
त्या माझ्याकडे आहेत.

कमळं कर्नलच्या बायकोनं घेतली,
दिवाणखान्याच्या पडद्यांना शोभतात म्हणून.
मा न्वे न्वेनं ऐनवेळी किंमत वाढवली.
पावसाळ्यात तिला नेलं,
भलत्याच कशासाठी तरी,
छापखान्याची शाई घरात सापडली म्हणून.

अकरा वर्षं झाली. काल कर्नलचा ड्रायव्हर
चित्र काखेत मारून आला.
फळीला बुरशी धरलीय, बाईसाहेबांना रात्री वास येतो,
नवी घाला.
चहा पिऊन ये म्हटलं. शटर अर्धं ओढलं.
जुन्या चुका उपटल्या.
तेरावी जागच्या जागी.
बुरशी शेजारच्या रांगेपर्यंत आलेली.
कोरड्या ब्रशनं झाडली, थोडा वेळ बसलो,
मग नवी फळी कापली, एक सूत जाड.

ड्रायव्हरनं उचलून बघितलं.
कमळांचं एवढं वजन?

सागवान आहे, म्हटलं.