आणि इतर

केशर शिंपी पहिल्यांदा म्हातारी झाली
तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.
पारोळ्याचा मुक्काम, सासूचं काम करणारी बाई तापाने फणफणलेली.
केसांना सफेदा, गालांवर काजळाच्या दोन रेघा,
आणि ती कमरेतून अशी वाकली
की तिच्याहून बारा वर्षांनी थोरला तिचा मुलगा
पाया पडताना चाचरला.

त्यानंतर बेचाळीस वर्षं
ती रंगमंचावर सरळ उभी राहिली नाही.

मी विंगेत असायचो, कंदिलाशी, वही घेऊन.
अडलेल्याला शब्द पुरवायचा, हा माझा धंदा.
तिला कधी पुरवावा लागला नाही.
उलट लेखकाने न लिहिलेलं ती बोलून जायची
आणि मी ते समासात पेन्सिलने उतरवायचो,
उद्या पुन्हा म्हणालीच, तर तिला कुणी चुकली म्हणू नये.

दाई झाली, मोलकरीण झाली, वेडी झाली,
दोनदा राजमाता.
राजमातेचा शालू मागून फाटलेला,
म्हणून ती पाठ न फिरवता मागे मागे सरकत जायची
आणि लोक म्हणायचे, काय हो दरबारी रीत!

मेली तीनशे अकरा वेळा. वहीत आहे.
सारंगखेड्याला मेली तेव्हा घोडेबाजारातून सुटलेलं शिंगरू
थेट तंबूत आलं, तिला हुंगत राहिलं.
ती मेलेलीच राहिली.
टाळ्या शिंगराला पडल्या.

नायिका चार बदलल्या.
भिंतीभिंतीवर वीतभर अक्षरांत त्यांची नावं,
त्यातली दोन मला आज आठवत नाहीत.
हिचं नाव कधी नव्हतंच.
सगळ्यात खाली, छापखान्याच्या पत्त्याला टेकून:
आणि इतर.

कंपनी बुडाली. तंबू सावद्याच्या
केळीच्या वखारीला ताडपत्री म्हणून गेला.
मग धुळ्याच्या पोरांनी अहिराणी सिनेमे काढले,
तीस रुपयांच्या सीडीवर.
त्यात रात्री दरोडेखोर घरात शिरतो, सुरा काढतो,
आणि म्हातारी चुलीपुढून न उठता विचारते,
"जेवना का भाऊ?"
तेही कुणी लिहिलं नव्हतं.
दरोडेखोर झालेला पोरगा पुढचं विसरला,
चुलीशी बसलाच.
कॅमेरा कुणी बंद केला नाही.

आता अमळनेरच्या बाजारात भाजीवाले
तिला तोच प्रश्न विचारतात
आणि भरताची दोन वांगी वरून टाकतात.

यंदा एका मालिकेवाल्या पोरीने तिला परत पाठवलं,
"आजी, तुम्ही पुरेशा म्हाताऱ्या वाटत नाही."
एसटीत बसून ती पार फागण्यापर्यंत हसत होती.
घरी आल्यावर मात्र सफेद्याची डबी शोधत बसली.

वृद्ध कलावंतांच्या मानधनाचा अर्ज.
धुळ्याचं ऑफिस, वैशाख, पंखा नुसता कण्हतोय.
"नाव छापलेली जाहिरात आणा, बाई."
आम्ही अकरा नेल्या होत्या.
साहेबांनी एकेक शेवटपर्यंत वाचली,
खोटं कशाला बोलू, मन लावून वाचली.
मग मी वही पुढे सरकवली. समास दाखवला.
"पेन्सिल चालत नाही."
बरोबरच होतं त्यांचं. पेन्सिल पुसता येते.

दीड वाजला. साहेबांनी खणातून डबा काढला,
आमच्याकडे बघून पुन्हा आत ठेवू लागले.
तेव्हा केशर उठली.
सरळ. कुठेच न वाकता.
एवढ्या वर्षांत मला कळलं नव्हतं
की ती माझ्याहून उंच आहे.
"जेवी ले भाऊ," म्हणाली, "आम्ही भायेर बसतस."

साहेबांचा हात झाकणावरच राहिला.
ते तिच्याकडे बघत होते, कुठेतरी पाहिल्यासारखे.

बाहेर बाकावर ती पुन्हा नेहमीसारखी वाकली,
चपलेचा अंगठा नीट करू लागली.
मी वही उघडली, तारीख घातली.
पेन्सिलीला टोक नव्हतं.