आठ नंबर

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, आमच्या कारखान्याला
एकदा फिजीची ऑर्डर आली.
सहाशे टॉवेल. निळी कड, मधोमध क्लबचं चिन्ह :
होडीवर बसलेला पक्षी.
मालकांनी नकाशात बेट शोधलं,
माशी बसून उडाल्यासारखे दोन ठिपके सापडले.
जॅकार्डची कार्डं मीच ओवली.
पक्ष्याची चोच चार वेळा चुकली.

माल गेला, पैसे आले, विषय संपला.
मग एका रविवारी भाच्यानं मोबाईल पुढं धरला.
"मामा, तुमचा टॉवेल."
इथं सकाळचे साडेआठ, मी रात्रपाळी करून आलेलो,
कानात अजून मागांचा खडखडाट,
आणि तिकडं दुपार, चिखल,
चिखलानं भरलेलं एक पोरगं बाकाजवळ आलं,
आमच्या पक्ष्यानं तोंड पुसलं
आणि परत मैदानाच्या मधोमध जाऊन उभं राहिलं.
एपेली तुकाना. आठ नंबर. वय एकोणीस.

मी फुटबॉल कधी खेळलो नाही.
ऑफसाइड मला अजून नीट कळत नाही.
पण डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं,
दिवसभर, कुणाचं लक्ष नसताना,
हे मला कुणी शिकवायला नको.

शेजारच्या मागावरचा इरण्णा विचारायचा,
"गोल कधी मारतो बे हा?"
मी सांगायचो, ह्यानं दिलेला बॉल दुसरा देतो,
दुसऱ्यानं दिलेला तिसरा मारतो.
"मग ह्याचं नाव कुठं लागतं?"
लागत नाही.
इरण्णानं तंबाखू मळली, दाढेखाली धरली,
म्हणाला, "पगार तरी बरा असंल."

बाविसाव्या वर्षी तो न्यूझीलंडला गेला.
कोटातला फोटो आला, बाह्या बोटांपर्यंत.
चौदा मॅच. त्यातल्या नऊ बाकावर.
त्या वर्षी सुताचे भाव चढले,
आमचाही कारखाना चार दिवस चालू, तीन दिवस बंद,
मी दारात बसून त्याला बसलेला बघायचो.

मग गुडघा.
भाचा म्हणाला, आतला दोर तुटला.
धागा तुटला तर मी डोळे झाकून गाठ मारतो,
माग पुरता थांबायच्या आत.
त्याला अकरा महिने लागले.
परत आला तेव्हा पळणं कमी झालं होतं,
बघणं वाढलं होतं.
बॉल यायच्या आधी दोनदा मान वळवायचा,
रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्यासारखा,
आणि मग एकाच स्पर्शात
बॉल अशा जागी, जिथं अजून कुणी पोचलेलं नाही.

देशासाठी एकतीस सामने. गोल दोन.
त्यातला एक मी पाहिला नाही, लाईट गेली होती.
एका फायनलला पेनल्टी मिळाली,
हा कॅप्टन, सगळे ह्याच्याकडं बघतायत,
ह्यानं बॉल उचलून एका नव्या पोराच्या हातात दिला.
पोरानं बारवर मारला.
ह्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला
आणि मैदानाच्या मधोमध परत गेला.
त्या रात्री माझ्या मागावर तीन वार माल खराब गेला.
मालकांनी कापून घेतले. घेऊ देत.

परवाची शेवटची मॅच.
पद्मिनी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती.
"तुमचा तो म्हातारा आज खेळणार का?"
म्हातारा म्हणजे तीस.
एकाहत्तराव्या मिनिटाला बोर्डावर लाल आठ लागला.
हा सावकाश आला, दंडावरची पट्टी काढून दिली,
कुणीतरी खांद्यावर टॉवेल टाकला.

आमचाच.
निळं धुऊन धुऊन राखाडी झालेलं,
होडी विरलेली, पक्षी मात्र शाबूत, चोचीसकट.
मी फोन नाकापाशी आणला.
एका कोपऱ्यात कड उसवली होती, दोन बोटं.
सिलाई खात्याची चूक, मी तेव्हाच बोललो होतो.

"कड उसवलीय," मी म्हणालो.
पद्मिनीनं विडीला दोरा गुंडाळला,
दातानं तोडला,
"मग पाठवून द्या म्हणावं," ती म्हणाली,
"शिवून देते."