घेर दोन मीटर दहा

वसंत विहारात वसंत आला
की मी आधी खिडक्या लावते.
दोरीवरचे कपडे आत,
नाकपुड्यांना आतून व्हॅसलिन,
उशीवर उशी, तिच्यावर आणखी एक,
आणि बसल्या बसल्या झोपते,
एसटी स्टँडवर रात्र काढणाऱ्या बाईसारखी.

पहाटे पहिली.
आई म्हणायची, एक शिंक म्हणजे थांब,
दोन म्हणजे जा.
सतरा म्हणजे काय, ते विचारायचं राहून गेलं.
सतरा मोजून होतात, मग मी चहा टाकते.

नवऱ्याचं नाव पराग.
हसा.
तो फेब्रुवारीपासून दार हळू लावतो,
ऑफिसचा शर्ट जिन्यातच झटकतो,
बोलत काही नाही.

आणि माझं काम झाडं मोजायचं.
पुन्हा हसा.
लहानू वरठा टेप धरतो, मी लिहिते:
जात, घेर, उंची, प्रकृती, शेरा.
करंज. पीतमोहर.
विलायती शिरीष, विलायती शिरीष, विलायती शिरीष.
कांचन, ज्याच्याखाली लोक फोटो काढतात
आणि ज्याने मला कधी काही केलं नाही.

डॉक्टर राजाध्यक्षांनी हातावर बावीस थेंब टोचले.
एकवीस निमूट राहिले.
एकाची गांधी उठली, चार आण्याएवढी, गुलाबी.
वावळ, ते म्हणाले.
देखण्या फुलांना भुंगे असतात हो,
तुमचा वैरी तो, जो सगळं वाऱ्यावर सोडतो.
मी हे नाव शेकडो वेळा लिहिलं होतं.
फूल एकदाही पाहिलं नव्हतं.

उपाय सगळ्यांकडे आहेत.
समोरच्या सहस्रबुद्धे बाईंची ओव्याची पुरचुंडी,
वॉचमनचं बेंबीत मोहरीचं तेल,
साहेबांचं, रजा टाका की.
गोळी घेतली की दुपारी दोनला
पोखरण रोड पाण्याखालून चालल्यासारखा दिसतो.
नाही घेतली तर नाकी नऊ,
आणि ते इथे अलंकारिक नाही.

येऊरच्या पाड्यावरून येताना लहानू म्हणाला,
आंबं मोहरलं बाई, लई.
कसा येतो रे वास?
तो टेप गुंडाळत बसला.
मग म्हणाला, पाव्हणं येणार असलं
की घराला येतो ना, तसा.
मी ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं.
तिथे रकाने नाहीत.

मंगळवारी सोसायटीचा अर्ज:
गेटवरील वावळ, कचरा होतो,
पापड्या गटारात अडकतात, मुलं शिंकतात,
तोडण्यास हरकत नसावी.
सेक्रेटरी धारप माझ्या नाकाकडे बघून म्हणाले,
मॅडम, आता तुम्हीच सांगा.
नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात.
मी उघडलं, श्वासासाठी.

लहानूने बुंध्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं,
डॉक्टर पाठीवर करतात तसं.
पोकळ नाही.
भुंगेरा नाही, ढोली नाही,
भिंतीला तडा आहे, पण तो बिल्डरचा.
घेर दोन मीटर दहा.
वर उघड्या फांद्यांवर काहीतरी मातकट, तपकिरी,
फूल म्हणायला जीभ रेटेना असं.

एकच शब्द लिहायचा होता.
तपासायला कोणी येणार नव्हतं.
डोळे इतके सुजले होते
की दिसलं नाही, हेही खरंच ठरलं असतं.
पेन्सिलीवर थेंब पडला, पुसला.

प्रकृती: निरोगी.
असू दे, दोघांपैकी एकाची तरी.

मग पांढरा रंग, ब्रश, क्रमांक.
शेवटच्या साताला आली,
आणि साताची शेपटी खोडावरून खाली
मुंग्यांच्या वाटेपर्यंत गेली.
पुसू का, लहानूने विचारलं.
नको.
एकच झाली बाई, आता थांबाया लागंल.

थांबलो.
धारपांनी घड्याळ पाहिलं, गेटातून रिक्षा गेली.
आम्ही त्याच झाडाखाली उभे,
आणि दुसरी काही केल्या येईना.