बारापैकी बारा

बुटीबोरीच्या फाट्यावर, रसवंतीच्या पत्र्याखाली,
स्कूटीच्या सीटवर फाइल टेकवून
परातेंचा निरोपाचा फॉर्म मीच भरला.

वरिष्ठांशी संबंध : चार.
कामाचं समाधान : चार.
प्रशिक्षण : तीन.
(एखादा तीन असावा, खरं वाटतं.)
सोडण्याचं कारण : कोड सात, वैयक्तिक.
मुलाखतीला लागलेला वेळ : वीस मिनिटं.

वीस मिनिटं
मी परातेंना चार वर्षांत मिळून दिली नसतील.

त्या तिमाहीत बारा जण गेले
आणि माझ्या तक्त्यात बारापैकी बारा मुलाखती झाल्या.
शंभर टक्के. हिरवा चौकोन.
रिकामी जागा भरायला एकेचाळीस दिवस, लक्ष्य पंचेचाळीस : हिरवा.
प्रशिक्षण माणशी आठ तास : हिरवा,
त्यातले दोन आग विझवण्याचे,
जे सगळ्यांनी गेटबाहेरच्या कडुनिंबाखाली बसून काढले,
कारण पारा सेहेचाळीसवर होता आणि आग वरूनच लागली होती.
वर्धा रोडच्या हॉटेलात, थंडगार हॉलमध्ये
पुण्याहून आलेले सर म्हणाले, नागपूरकडून शिका.
टाळ्या. मग संत्रा बर्फी.
मी दोन तुकडे घेतले.

तीन नंबरच्या प्रेसवर आता नवा पोरगा आहे.
पत्र्याचा आवाज जरा फाटला
की परातेंची मान आधी वळायची, लाल दिवा मग लागायचा.
पोराची मान दिवा लागल्यावर वळते.
मधल्या तेवढ्या वेळात जो माल वाया जातो
तो दुसऱ्या खात्याच्या तक्त्यात जातो.
माझ्याकडे येत नाही.

कँटीनमध्ये सुलोचनाताई हेडाऊ
ताटात वरण वाढता वाढता म्हणाल्या,
"पराते जाते हे मले होळीच्या टायमालेच समजलं होतं, म्याडम."
काऊन?
"सहा पोळ्या खाये तो. मंग पाच. मंग चार.
सायबानं पोट्ट्यायसमोर झापलं त्या दिवशी
दोन ताटातच ठेवल्या अन् हात धुतले."
कुठं लिहून ठेवलं होतं का?
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी मीठ कुठे मिळतं ते विचारलं.
"पोळ्या का कोनी लिहून ठेवते?"

आमच्यात याला आगाऊ निर्देशक म्हणतात.
माणूस जायच्या आधी हलणारा आकडा.
दोन दिवसांची कार्यशाळा झाली होती त्यावर,
उदाहरण टायरच्या कंपनीचं होतं,
चहाच्या सुट्टीत आम्ही सगळ्यांनी प्रमाणपत्रासाठी फोटो दिले.

घरी, मानेवाड्याला,
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं आणि परातेंना फोन लावला.
मागे हॉर्न, ट्रकचा धूर ऐकू यावा इतका जवळ.
"कामठीले आहो म्याडम, गाडीवर. मंग करतो."
मी साडेअकरापर्यंत जागी होते.
वाळ्याचा वास आधी ओला येत होता, मग नुसता वाऱ्याचा.

मग लॅपटॉप उघडला.
एकेक चार खोडला.
तीनही खोडला, तो तर जास्तच खोटा होता.
वीस मिनिटांच्या जागी शून्य लिहायला गेले,
बोट थांबलं, रकाना मोकळाच ठेवला.
बारापैकी अकरा. एक्याण्णव पूर्णांक सात.
चौकोन आपोआप पिवळा झाला,
मला काही विचारलं नाही.

सकाळी दहाला पुण्याहून फोन.
अहो, शंभर होते ना? सादर झालेला आकडा असा कसा बदलतो?
खाली शेडमध्ये तीन नंबर सुरू होत होता,
पहिला ठोका, दुसरा,
आणि माझी मान, कशी कोण जाणे, तिकडे वळली.

एकच आहे, सर, मी म्हटलं.
कोण?
पराते.
पराते राहिलेत.