पाणी वाढत आहे

उद्यमनगरात, लेथच्या कारखान्यावरच्या माडीवर
आम्ही पाचजणी यंत्राला वाचायला शिकवतो.
खाली लोखंडाचा कीस पडतो,
वर वाक्यांचा.

काम सोपं आहे. वाक्य येतं, त्याचे तीन तुकडे करायचे:
कोण, काय नातं, कुणाशी.
रंकाळा – आहे – कोल्हापुरात.
गूळ – बनतो – उसापासून.
अशी लाखभर झाली की ते आपलं आपण वाचायला लागतं,
आम्ही रात्री घरी गेल्यावरसुद्धा,
आणि सकाळी नवी माहिती मांडून ठेवतं,
खात्री किती, त्या आकड्यासकट.

परवा म्हणालं:
म्हैस – राहते – गंगावेशीत. ब्याण्णव टक्के.
नसीमा हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली.
पण त्याचं तरी काय चुकलं?
कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाबद्दल शेकड्यांनी लिहिलंय,
धार काढून झाल्यावर म्हशी घरी जातात
हे कोण कशाला लिहील?

खाली इलाही शिकलगारांना
नुसत्या आवाजावरून कळतं, हत्यार बोथट झालंय.
तेही कुठं लिहिलेलं नाही.

आज एक जुनं पान आलं. तारीख गळालेली.
'पंचगंगेचे पाणी वाढत आहे.'
नव्याण्णव टक्के.
त्या रात्री सगळे तेच तर लिहीत होते,
फुटाफुटानं, इंचाइंचानं.

बाहेर एप्रिल. घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्यात,
त्यांवर कुणीतरी गोधड्या वाळत घातल्यात.
यंत्राच्या आत मात्र पाणी वाढतंच आहे.
ते ओसरलं, हे फारसं कुणी लिहिलं नाही.
ओसरलं तेव्हा माणसं गाळ काढत होती.

पुढचं वाक्य:
'म्हशी सोडण्यासाठी गोठ्यात गेलेले
चिखली येथील केरबा चौगुले, वय बासष्ट,
अद्याप परतलेले नाहीत. शोध सुरू आहे.'

केरबा चौगुले – राहतात – चिखलीत.
केरबा चौगुले – वय – बासष्ट.
केरबा चौगुले यांचा – सुरू आहे – शोध.

पडद्याच्या कडेला एक बटण असतं: कालबाह्य.
जे आता खरं नाही, त्याच्यावर दाबायचं.
बाकीच्या चौघींना मीच शिकवलंय.

पाण्यावर दाबलं. पाणी उतरलं.
वयावर दाबलं; आता किती असतं ते मला तोंडपाठ आहे.
'राहतात'वर बोट ठेवलं,
उचललं.

"काय गं चौगुले," नसीमा म्हणाली,
"अडलं काय? वाक्य अवघड आहे?"
"नाही," म्हटलं, "सोपं आहे."

आणि शेवटची ओळ
न दाबताच पुढं ढकलली.

खाली इलाहीचाचांनी लेथ बंद केला,
हत्यार बदलायला.