रॅम्प

माझं पद दूरध्वनीचालक.
चार टक्क्यांतलं, त्यातल्याही एका टक्क्यातलं.
बिंदुनामावलीत माझा बिंदू पडला तिथं बोट ठेवून
भाऊ म्हणाला होता, "हय बघ."
मग गप्प झाला. मग आम्ही दोघंही हसत सुटलो
एसटीत, ओरोसपासून पार कुडाळपर्यंत.
बिंदूंशी माझी जुनी ओळख, सहा-सहाच्या घरातली.

वेंगुर्ल्यात बंदराकडे उतरताना मत्स्य परवाना कार्यालय,
आत टेबल, टेबलावर फोन.
तो वाजायचा तेव्हा वाजायचा.
आता होडीवाले थेट साहेबांच्या मोबाइलवर.
मी त्याच्यावरून रोज ओला फडका फिरवते,
मुका झाला म्हणून काय आंघोळ घालायची नाही?

पगार वेळेवर येतो, खोटं कशाला बोलू.
त्यातूनच आईचा मोतीबिंदू काढला.
आता ती मला सांगते,
"अगो, तुझे केस पिकले."

दुसऱ्या वर्षी अर्ज केला:
संगणक मिळावा, त्यात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मिळावं,
परवान्यांच्या नोंदी मी करीन.
साहेब घाटावरचे, माणूस वाईट नाही.
म्हणाले, "गिरपबाई, बसा की निवांत."
माझे शंभर टक्के मोजणाऱ्या मंडळानं
हे तीन शब्द मोजले नव्हते.

अर्ज ओरोसला गेला, तिथून मुंबईला,
सात महिन्यांनी परत आला. त्रुटी: प्रमाणपत्राची प्रत अस्पष्ट.
मला सांगताय?

मार्चअखेरीला भिवा शिपाई धावत आला,
"बाई, मंजूर झाला तुमचा!"
दुसऱ्या दिवशी दारात वाळू पडली, सिमेंट आलं.
दिव्यांगांच्या लेखाशीर्षात पैसे होते,
एकतीस तारखेच्या आत संपवायचे होते.
तीन पायऱ्या फोडल्या.
माझ्या पाठ होत्या त्या. मधली जराशी खचलेली,
तिथं पाय आपोआप मऊ पडायचा.
साहेबांनी नारळ वाढवला,
आणि रॅम्पवरून पहिली पडले ती मी.

मेमध्ये रोझलीनमावशी चढून आली.
गुडघ्यांमुळं इतकी वर्षं ती खालूनच हाक मारायची,
कागद कुणाच्याही हाती वर धाडायची.
आता स्वतः आली, मागून बर्फाचा क्रेट ओढत,
माझ्या समोर बसली, पत्र माझ्या हातात दिलं.
"वाच गो बाय, काय लिवल्यानी ता."
"मावशी, माका दिसत नाय."
"माका येत नाय."
पंखा फिरत होता. साहेब दौऱ्यावर, भिवा चहाला.

नजर गेली तेव्हा मी चौथीत होते,
अक्षरं आत तशीच राहिलीत, पाटीवरची.
म्हटलं, "कसा दिसता ता सांग."
ती सांगू लागली.
"गाठ आसा, गाठीक दोरी, दोरी खुंटाक.
बाजूक आणिक एक खुंट."
ना.
"पोटुशी बाय खुंटाक टेकल्यासारी."
व.
"होडी बदलूक सांगतत?"
"नाही गो, परवान्यावरचं नाव.
पेद्रूकाकांचं काढून तुझं घालायचंय."
ती बराच वेळ काही बोलली नाही.
क्रेटमधलं पाणी ठिबकत होतं.

अख्खं पत्र व्हायला दोन तास लागले.
एका जोडाक्षरावर तर आम्ही भांडलो.
मग मी रिसीव्हर उचलला,
फडक्याच्या साबणाचा वास आला त्याला,
आणि ओरोसचा नंबर फिरवला. बोटांना आठवत होता.

महिनाअखेरीला भिवा माझा तक्ता भरायला बसला.
हाताळलेली कामं. त्यानं सवयीनं निरंक लिहायला घेतलं.
म्हटलं, "थांब. एक लिही."
"एक काय, बाई?"
"एक."

संगणक अजून आलेला नाही.
उतारावर दुपारी बंदरावरचा कुत्रा झोपतो,
काठी टेकवली की सुस्कारा सोडून उठतो,
मी गेले की परत तिथंच.